आधी डेडस्टॉक रजिस्टर, मग एनमॅप

११ ऑगस्ट २०१८ हा शनिवार होता. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत आधीच शिरून बसलेल्या चोरांनी त्या दिवशी बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेमार्फत हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. यातली काही रक्कम सांगलीच्या शेजारच्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही निघाली. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. हल्ल्यामागे उत्तर कोरिया असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने आपल्या अहवालात नोंदवलं आहे.

सहा वर्षांनी, ३१ जुलै २०२४ रोजी, देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अचानक थांबले. सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला होता. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला आपल्या जाळ्यापासून तोडलं होतं. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार चोर आत आले ते भलत्याच ठिकाणाहून. सी-एजशी जोडलेल्या दुसऱ्या एका कंपनीचा जेन्किन्स सर्व्हर नीट मांडणी न करता इंटरनेटवर उघडा पडला होता. त्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीवरची दुरुस्ती जानेवारीतच आली होती. अशी उघडी दारं दाखवणारी साधनं फुकट मिळतात. कुणी वेळेवर पाहिलं असतं तर दिसलं असतं.

‘आमच्या चार शाखांच्या पतसंस्थेत कोण कशाला येईल?’ हा प्रश्न विट्यात, तासगावात, कोरेगावात, फलटणमध्ये, कुठेही ऐकायला मिळतो. उत्तर असं की बहुतेक वेळा कुणी तुमचं नाव बघून येत नाही. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचा प्रोग्रॅम खुला केला. गिगाबिट जोडणी असेल, तर एका संगणकावरून इंटरनेटवरचे आयपीव्ही-४ चे सगळे पत्ते ४५ मिनिटांच्या आत तपासून, अमुक एक पोर्ट, म्हणजे यंत्राचं अमुक एक दार, कुठे कुठे उघडं आहे ते तो सांगतो. चोरांचे प्रोग्रॅमही असेच रात्रंदिवस फिरत असतात. दार उघडं दिसलं की आत, मग ते मुंबईतल्या बँकेचं असो की खटाव तालुक्यातल्या दूध संस्थेचं.

पतसंस्थांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांची सायबर सुरक्षा चौकट काढली. पतसंस्था मात्र सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे ती चौकट त्यांना लागू नाही. लेखापरीक्षक वह्या आणि शिल्लक पाहतो, राउटर सहसा पाहत नाही. तेव्हा आपलं आपणच पाहायला हवं.

हा लेख यांच्यासाठी आहे: पतसंस्थेचे सचिव, कारखान्याच्या किंवा दूध संघाच्या संगणक विभागातले लोक, शाळा-कॉलेजात लॅब सांभाळणारे, कुपवाड आणि सातारा एमआयडीसीतले छोटे कारखानदार. सुरक्षा तपासणी म्हटलं की लोकांना आधी काली लिनक्स आणि मेटास्प्लॉइट ही घुसखोरीच्या चाचणीची साधनं आठवतात, कारण त्यांचे व्हिडिओ पाहायला मजा येते. लहान संस्थेला खरा उपयोग होतो तो त्याच्या आधीच्या कंटाळवाण्या कामाचा.

पहिलं काम म्हणजे लेखी परवानगी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं भरपाईला पात्र आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मी चांगल्यासाठीच करत होतो’ हे पोलीस ठाण्यात समजावत बसण्यापेक्षा संचालक मंडळाचा ठराव करून घ्यावा. ठरावात काय काय हवं? कोणती शाखा, कोणते आयपी पत्ते, कोणत्या तारखेला, किती ते किती वाजता, तपासणार कोण, काही बंद पडलं तर फोन कुणाला करायचा आणि सापडलेली माहिती कुणाकडे राहणार. एक गोष्ट हमखास निसटते. तुमचं कोअर बँकिंग सॉफ्टवेअर पुण्या-मुंबईच्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये चालत असेल, तर ते यंत्र तुमचं नाही. त्यावर साधन चालवायला त्या कंपनीचीही लेखी संमती लागते. वेबसाइट भाड्याच्या होस्टिंगवर असेल तर तिथेही तेच.

दुसरं काम यादीचं. प्रत्येक संस्थेत डेडस्टॉक रजिस्टर असतं. त्यात टेबल, खुर्च्या, कपाटं असतात, संगणक आणि प्रिंटरही असतात. पण सीसीटीव्हीचा डीव्हीआर, वायफाय राउटर, हजेरीचं बोटाचं यंत्र, पिग्मी एजंटांची मशिनं, ओटीपी येतो तो मॅनेजरसाहेबांचा मोबाइल, हे त्यात सहसा सापडत नाहीत. आता एनमॅप घ्या, नेटवर्कवरची उपकरणं आणि त्यांची उघडी पोर्टं दाखवणारं साधन. गॉर्डन लायन यांनी हे साधन सप्टेंबर १९९७ मध्ये लोकांपुढे ठेवलं. मोठमोठे तपासनीस आजही कामाला सुरुवात त्याच्यापासूनच करतात. विंडोजवर झेनमॅप या खिडकीच्या रूपातही ते चालतं. जुना आय-५ लॅपटॉप आणि ८ जीबी रॅम भरपूर झाली. डाउनलोड फक्त मूळ संकेतस्थळावरून करा आणि तिथे दिलेला चेकसम जुळतो का ते पाहा. टेलिग्रामवरून मिळालेलं ‘क्रॅक केलेलं’ सुरक्षा साधन म्हणजे चोराला स्वतःच्या हाताने किल्ली देणं आहे.

शाखेचं जाळं समजा १९२.१६८.१.० पासून सुरू होतं. त्यातले २५४ पत्ते एनमॅपला द्या आणि आधी फक्त जिवंत उपकरणं मोजा. रजिस्टरमध्ये ११ संगणक, २ प्रिंटर आणि एनमॅपच्या यादीत १९ उपकरणं, असं निघालं तर दचकू नका, फरकाच्या सहा ओळी एकेक करून सोडवा. पोर्ट ५५४ उघडं असलेलं यंत्र बहुधा डीव्हीआर असतं. बसवणारा कधीच गेला आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच राहिला, असं अनेकदा निघतं. राउटरवर पोर्ट २३ दिसलं तर टेलनेट चालू आहे. त्यातून पासवर्ड उघड्यावर जातो, ते बंद करा. ४४५ म्हणजे विंडोजचं फाइल वाटप. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर पसरलं ते याच वाटेने, आणि मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती त्याआधी दोन महिने येऊन पडली होती. ३३८९ म्हणजे रिमोट डेस्कटॉप. हिशेबनीसांना घरून टॅली बघता यावं म्हणून कुणीतरी केव्हातरी ते चालू केलेलं असतं. ते कार्यालयाच्या आतच राहिलं तर धोका कमी, राउटरमधून थेट बाहेर काढलं असेल तर आजच बंद करा आणि व्हीपीएन वापरा.

हे बाहेरून दिसतं की नाही हे आत बसून कळत नाही. म्हणून दुसरी पाहणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, कार्यालयाच्या सार्वजनिक पत्त्यावर करायची. अट एकच: तुम्ही इंटरनेट कंपनीकडून स्थिर आयपी घेतलेला असावा. नसेल तर तोच पत्ता इतर ग्राहकांबरोबर वाटलेला असू शकतो, आणि मग तुम्ही नकळत शेजाऱ्याचं दार वाजवता.

पाहणी करताना दोन पथ्यं पाळा. पोर्ट ९१०० वर ऐकणाऱ्या प्रिंटरला काहीही पाठवलं तर तो ते छापतो. एनमॅप आवृत्ती ओळखताना हे पोर्ट आपणहून वगळतं ते याचसाठी, तेव्हा ती सवलत काढून टाकू नका. दुसरं पथ्य कारखान्यांसाठी. साखर कारखान्याचा वजनकाटा, बॉयलरचं नियंत्रण, दूध संघातलं पॅकिंग यंत्र यांचे नियंत्रक जुने आणि नाजूक असतात. साध्या पाहणीनेही ते अडकू शकतात. गळीत हंगामात त्यांच्या वाटेला जाऊ नका. काम बंद असताना आणि यंत्राचा माणूस शेजारी उभा असतानाच पाहा.

यादी झाली की धोक्यांची नोंदवही. मोनार्क आणि सिंपलरिस्क अशी यासाठीची मोफत साधनं आहेत. मोनार्क लक्झेंबर्गमध्ये तयार झालं आहे आणि ते नीट विचारपूर्वक केलेलं आहे. पण पहिल्या वर्षी लिब्रे-ऑफिसच्या कॅल्कमधला एक तक्ता पुरे. धोका कोणता, घडण्याची शक्यता १ ते ५, नुकसान १ ते ५, दोन्हींचा गुणाकार, उपाय काय, कुणी करायचा, कधीपर्यंत. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तर बाकीच्या तक्त्याला काही अर्थ नाही.

सांगलीकरांना इथे वेगळं सांगायला नको की धोका म्हणजे फक्त हॅकर नव्हे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि बाजारपेठेतली तळमजल्यावरची कार्यालयं बुडाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर तुमच्या तक्त्यात पहिली ओळ तीच. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-महाबळेश्वरकडे, पावसाळ्यात दिवसदिवस वीज आणि इंटरनेट जातं, तिथे पहिली ओळ वेगळी असेल. कऱ्हाडात कोयना-कृष्णेचा संगम आहे, तिथलं गणित पुन्हा निराळं. परदेशी नमुना जसाच्या तसा उतरवून काढला तर अशी ओळ त्यात येत नाही. ती तुम्हालाच लिहावी लागते. बॅकअपची एक प्रत पुराच्या पातळीबाहेर आणि नेटवर्कपासून तोडलेली ठेवा. ती पुरातही वाचते आणि रॅन्समवेअरमध्येही.

त्यानंतर त्रुटींची तपासणी. नेसस हे साधन २००५ मध्ये बंदिस्त झालं तेव्हा त्याच्या खुल्या सोर्स कोडमधून ओपनव्हास निघालं. आज ते ग्रीनबोन कम्युनिटी एडिशन म्हणून मिळतं. बसवायला थोडं किचकट आहे आणि पहिल्यांदा त्रुटींची माहिती उतरवून घ्यायला काही तास लागतात. रात्रभर चालू ठेवा. नुसतं बाहेरून तपासण्यापेक्षा त्याला संगणकाचं लॉगिन देऊन तपासलं तर निकाल कितीतरी नेमका येतो. मात्र त्या कामापुरतं वेगळं खातं काढा आणि काम संपलं की ते बंद करा. लिनक्स सर्व्हर असेल तर लिनिस हे छोटं साधन जास्त सोपं. ते सर्व्हरवरच चालतं आणि काय सुधारायचं ते ओळीओळीने सांगतं.

ग्रीनबोनचा अहवाल बघून पहिल्यांदा बहुतेकांचा धीर सुटतो, कारण तो फार लांब असतो. तो वरून खाली वाचू नका. प्रत्येक त्रुटीला ० ते १० असा सीव्हीएसएस गुण असतो. पण कोपऱ्यातल्या, कशालाच न जोडलेल्या प्रिंटरवरची ९.८ ची त्रुटी थांबू शकते आणि ठेवीदारांची माहिती असलेल्या सर्व्हरवरची ६.५ ची थांबू शकत नाही. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सिसा नोव्हेंबर २०२१ पासून एक यादी मोफत प्रसिद्ध करते आहे. चोर प्रत्यक्षात ज्या त्रुटी वापरत आहेत तेवढ्याच त्या यादीत असतात. तुमच्या अहवालातली जी त्रुटी त्या यादीत सापडेल ती याच आठवड्यात बुजवा. बाकीच्या क्रमाने. आणि अहवालात काही खोटी भीतीही असते. लिनक्सच्या वितरकाने जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती बसवलेली असते आणि साधन फक्त आवृत्तीचा आकडा पाहून ओरडतं. खात्री करूनच कामाला लागा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला; आपले किती संगणक अजून त्यावर चालतात हे मात्र कुठलंही साधन न चालवता आजच तपासता येतं.

वेबसाइटसाठी झॅप. कॉलेजचा प्रवेश अर्ज, बाजार समितीचं पोर्टल, संस्थेचं सभासद लॉगिन यांच्या तपासणीला हे साधन पुरेसं आहे. झॅपच्या दोन रीती आहेत. निष्क्रिय तपासणीत ते फक्त येणारी-जाणारी पानं वाचतं. सक्रिय तपासणीत प्रत्येक रकान्यात नाना प्रकारचा मजकूर घालून पाठवतं. चालू प्रवेश अर्जावर ही दुसरी रीत चालवली तर खोट्या अर्जांचा ढीग पडेल आणि त्यातून खरे विद्यार्थी शोधावे लागतील. साइटची वेगळी प्रत काढून तिच्यावरच ती चालवा. शिकायचं असेल तर ज्यूस शॉप नावाचं मुद्दाम सदोष बनवलेलं दुकान ओवॅस्प ही संस्था फुकट देते. स्वतःच्या लॅपटॉपवर ते उतरवून हवं तेवढं फोडा.

यंत्रांपेक्षा माणसं लवकर फसतात, म्हणून गोफिश या साधनाला मी मेटास्प्लॉइटच्या वर ठेवतो. संस्थेतल्या लोकांना सरावापुरता फसवा मेल पाठवून कोण लिंक दाबतं हे त्यातून कळतं. मजकूर आपल्याकडच्या धाटणीचा हवा: ‘आपले केवायसी आजच अद्ययावत करा’, ‘उपनिबंधक कार्यालय – तातडीची माहिती मागणी’. खऱ्या कार्यालयाचं बोधचिन्ह मात्र वापरू नका. आणि ज्याने लिंक दाबली त्याचं नाव सभेत वाचून दाखवायचं नाही, हे चाचणीच्या आधीच ठरवा. एकदा अपमान झालेला क्लार्क पुढच्या वेळी खरी चूक झाली तर लपवतो, आणि त्या लपवलेल्या दोन तासांत खातं रिकामं होतं. त्याने लगेच येऊन सांगितलं तर शाबासकी द्या.

राहिलं मेटास्प्लॉइट. एच. डी. मूर यांनी ते २००३ मध्ये सुरू केलं. त्रुटी नुसती आहे की तिच्यातून खरंच आत शिरता येतं, हे ते सिद्ध करतं. पेन टेस्ट म्हणतात ती ही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एका बाजूला काली, दुसऱ्या बाजूला मेटास्प्लॉइटेबल हे मुद्दाम कच्चं ठेवलेलं यंत्र आणि दोघांना बाहेरच्या जगापासून तोडलेलं नेटवर्क, एवढ्यावर विद्यार्थ्याला कित्येक महिन्यांचा अभ्यास होतो. चालू संस्थेत मात्र घाई नको. ४४५ वर जुनी दुरुस्ती राहिली आहे हे कळल्यावर आत शिरून दाखवण्याची गरज नाही, दुरुस्ती बसवा. एवढा उत्साह असेल तर तो बॅकअपवर खर्च करा. एका रविवारी रिकाम्या संगणकावर पूर्ण बॅकअप उतरवून संस्था उभी राहते का ते पाहा. लहान संस्थेला याहून मोलाची चाचणी मला माहीत नाही.

हे करणार कोण? माणसं इथेच आहेत. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स यूजर्स ग्रुप गेली अनेक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरचं काम करतो आहे. कऱ्हाडला १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, साखराळ्याला राजारामबापू इन्स्टिट्यूट आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प हवा असतो आणि पतसंस्थेला तपासणी. दोन्ही गाठी जुळवणं प्राध्यापकांच्या हातात आहे. अटी मात्र स्पष्ट असाव्यात: संचालक मंडळाचा ठराव, गोपनीयतेचा करार, तपासणीच्या वेळी प्राध्यापक हजर, सभासदांची कोणतीही माहिती मुलांच्या लॅपटॉपवर जाणार नाही आणि अहवाल कूटबद्ध फाइलमध्ये फक्त सचिवांकडे. मुलांना मानधन द्या. साधनं फुकट आहेत, त्यांचे दिवस फुकट नाहीत.

नागरी सहकारी बँकांनी मात्र एवढ्यावर थांबू नये. त्यांना लागणारी औपचारिक तपासणी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी. फुकटच्या साधनांनी आधीच घर आवरलेलं असेल तर त्या महागड्या तपासनीसाचा वेळ क्षुल्लक पासवर्ड शोधण्यात जाणार नाही. सर्ट-इनच्याच सायबर स्वच्छता केंद्रात संगणकातले बॉट काढणारी मोफत साधनं मिळतात, तीही वापरून पाहा.

आणि तरीही काही घडलं तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग जपून ठेवावे लागतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच जास्त असते. हा क्रमांक आणि संगणक सांभाळणाऱ्याचा मोबाइल कॅश काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय वाढवा: संगणक सुरक्षेची तपासणी करण्यास व त्यासाठी एका जबाबदार व्यक्तीची नेमणूक करण्यास मंजुरी देणे. ठराव झाला की त्याच आठवड्यात डेडस्टॉक रजिस्टर काढा आणि एनमॅप चालवा.